दिंडीचालकाचा नेम आणि विवेक

सज्जनहो, आषाढीची वारी जवळ आली म्हणजे गावोगावच्या दिंड्यांच्या बैठका सुरू होतात. भिशी किती धरायची, ट्रक कोणाचा सांगायचा, राहुट्या मागच्या सालच्याच चालतील की नव्या शिवायच्या, आचारी कोण, पाण्याचा टँकर कोण देणार, अशी सगळी बोलणी होतात. ती व्हायलाच पाहिजेत, कारण शेदोनशे माणसे अठरा-वीस दिवस रस्त्याने न्यायची म्हणजे पोरखेळ नव्हे. परंतु या बैठकीत एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. दिंडी चालविणाऱ्याने स्वतःची तयारी काय केली आहे? राहुटीचे भोक दिवसाउजेडी दिसते आणि शिवता येते. चालकाच्या स्वभावातले भोक मात्र पाऊस सुरू झाल्यावरच कळते, आणि तोवर सगळी दिंडी भिजलेली असते.

आम्ही बरीच वर्षे एका लहानशा दिंडीची सेवा केली. त्यात शिकलो थोडे आणि चुकलो पुष्कळ. त्यातली एक चूक अशी, की ती आठवली म्हणजे आजही हातातला घास हातातच राहतो. ती पुढे सांगणारच आहोत. आमच्या शहाणपणापेक्षा त्या चुकीचाच वाचकांना अधिक उपयोग होईल, म्हणून हा लेख.

प्रथम, दिंडीत चालकाची जागा कुठे असते ते पाहू. सर्वांत पुढे पताकाधारी, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मध्ये मृदंग, त्यामागे वीणेकरी, आणि पाठीमागे तुळशीवृंदावन व पाण्याचा हंडा डोक्यावर घेतलेल्या माउल्या. जगात पुढारी म्हणतात तो पुढे असतो. आपल्याकडे वीणा पुढे नाही. वीणेकऱ्याला पुढच्या प्रत्येकाची पाठ दिसते. कोणाचे पाऊल अडखळते, कोणाचा टाळ ढिला पडला, कोण ओळ सोडून कडेला गेला, हे त्याच्या नजरेत राहते. जो सर्वांच्या पुढे धावतो त्याला फक्त रस्ता दिसतो, माणसे दिसत नाहीत. चालकाची जागा कोणती असावी हे आपल्या वडीलधाऱ्यांनी शब्दांत सांगितले नाही, ओळीतच लावून दाखविले.

ही ओळ लावली कोणी? श्रीतुकाराममहाराजांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी सन १६८५ मध्ये पादुकांसह पालखीची परंपरा सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात साताऱ्याकडच्या आरफळ गावचे हैबतरावबाबा यांनी श्रीज्ञानेश्वरमहाराजांचा पालखी सोहळा स्वतंत्रपणे उभा केला. हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. लष्कराचा तळ कसा पडतो, कूच कसे होते, हजारो माणसे आरडाओरड न करता कशी हलवावीत, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. त्यांनी ती शिस्त आणली, पण हत्यार आणले नाही. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे व तंबू यांची सेवा मिळाली ती आजतागायत चालू आहे. कर्णा वाजला की आवराआवर, पुन्हा वाजला की ओळीत उभे राहणे, तिसऱ्यांदा वाजला की पाऊल उचलणे. एवढ्यावर लाखांचा समुदाय चालतो. कोणाला दंड नाही, कोणाला पगार नाही. आणि ज्यांनी हे सगळे उभारले त्या हैबतबाबांची समाधी कुठे आहे? आळंदीला महाद्वारात, पायरीशी! सरदारी भोगलेल्या माणसाने पायरी मागितली. चालकपणाचा पहिला धडा तिथे माथा टेकताना शिकावा.

दुसरा धडा रोज संध्याकाळी तळावर मिळतो. समाजआरतीला सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात. टाळमृदंगाचा इतका गजर चाललेला असतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. अशात चोपदार हातातला दंड उंच करतात. क्षणात सगळे टाळ थांबतात. एवढ्या माणसांत अशी शांतता होते की लांबच्या झाडावरचा कावळा ऐकू यावा. मग हरवले-सापडले याची पुकार होते, उद्याच्या निघण्याची वेळ सांगतात. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी टाळ थांबवीत नाही, वाजवीतच राहते. चोपदार त्या आवाजाच्या रोखाने जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, निवाडा होतो, आणि मगच आरती होते.

नवख्या माणसाला यात दंड वर करणे हेच मोठे काम वाटते. आम्हालाही फार वर्षे तसेच वाटत होते. एका हाताने सगळ्यांना गप्प करता येते, केवढा हा अधिकार! पण विचार केला तर कळते, की दंड वर होतो तो उरलेला एक टाळ ऐकू यावा म्हणून. सगळे वाजत असताना दुखावलेल्याचा टाळ वेगळा ऐकू येत नाही. चालकाने शांतता करायची ती स्वतःला बोलता यावे म्हणून नव्हे, तर ज्याला बोलायचे आहे त्याचे ऐकता यावे म्हणून.

आता आमची चूक सांगतो.

पालखी पुण्याहून निघून सासवडला जाते तो दिवस जाणत्या वारकऱ्याला सांगायला नको. सुमारे तीस किलोमीटरची मजल, सगळ्या वाटेतली लांब. हडपसर मागे पडले की वडकी, आणि तिथून पुढे दिवे घाटाची चढण. माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात, मग माणसांची काय कथा! त्यात तो दिवस बहुधा वद्य एकादशीचा, म्हणजे पोटात उपास. त्या वर्षी आमच्या दिंडीत साठी ओलांडलेल्या एक आजी होत्या. पुण्याच्या मुक्कामातच त्यांच्या अंगात कणकण होती. पहाटे त्यांच्या बरोबरीच्या बायांनी आम्हाला येऊन सांगितले, "महाराज, आजींचं अंग तापलंय. आज त्यांना सामानाच्या गाडीत बसवा, आणि काहीतरी पोटात घालायला सांगा. आमचं त्या ऐकत न्हाईत."

आम्ही काय उत्तर दिले? आम्ही म्हणालो, "वारी पायीच करायची असते. माउली चालवून घेतील. आणि एकादशी मोडायला मी कसा सांगू?" एवढे बोलून आम्ही वीणा गळ्यात घेतली. खरे सांगायचे तर त्या वेळी आमच्या मनात माउलीही नव्हत्या आणि एकादशीही नव्हती. मागच्या साली घाटात आमची दिंडी रेंगाळली होती आणि मागच्या दिंडीवाल्यांनी चार शब्द ऐकविले होते. या साली आपली ओळ तुटू द्यायची नाही, एवढाच हट्ट डोक्यात होता. हट्टाला आम्ही निष्ठेचे नाव दिले. सज्जनहो, चालकाला फसविणारी गोष्ट हीच. त्याचा अहंकार उघड्या तोंडाने येत नाही, नेमाची शाल पांघरून येतो.

घाट निम्मा चढलो असू. पाठीमागे गलका झाला. आजी बसल्या त्या बसल्या. डोळे वर गेले, हंडा लवंडला. बायांनी पदराने वारा घातला. एका सेवेकऱ्याने त्यांना गाडीपर्यंत उचलून नेले. वर गेल्यावर डॉक्टरांनी तपासले, बाटली लावली, आणि "उपाशीपोटी तापात चालविलं कोणी यांना?" असे विचारले. आमच्याकडे उत्तर नव्हते. दिंडीची ओळ मात्र तुटली नव्हती. तिचा आम्हाला आता काय उपयोग?

रात्री सासवडच्या तळावर राहुटीत कीर्तनाला बसलो. नेहमीप्रमाणे हात वर केला, टाळ थांबले. एक टाळ थांबला नाही. कोपऱ्यात आमच्या वडिलांच्या वेळचे एक जुने टाळकरी बसले होते. चाळीस वर्षांत त्यांनी आम्हाला कधी उलट शब्द बोललेला नव्हता. त्यांचा टाळ सावकाश, एका लयीत वाजत होता. खाली मान, डोळे मिटलेले. सगळी राहुटी आमच्याकडे पाहू लागली. तळावरचा रिवाज सगळ्यांनाच ठाऊक होता. त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. आम्ही वीणा शेजाऱ्याच्या गळ्यात दिली, उठून त्यांच्यापुढे गेलो आणि बसलो. तेव्हा त्यांनी टाळ थांबविला आणि एवढेच म्हणाले, "बुवा, सकाळी बायका आल्या तवाबी टाळच वाजत हुता. तुम्हांस्नी ऐकू आला न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही आजींच्या पायाशी जाऊन क्षमा मागितली. त्या माउलीने उलट आमचेच सांत्वन केले. म्हणाल्या, "तुम्ही थांबा म्हणाला असता तर मी थांबले असते, महाराज. तुमचा शब्द मोडून कशी बसू?" त्यांना गावी पोचते केले. प्रकृती सुधारली, पण वारीला येण्याइतकी पुन्हा कधी झाली नाही. दोन वर्षांनी त्या गेल्या. त्यांचे ते वाक्य आमच्याजवळ राहिले. आम्हाला ते रागाच्या शब्दापेक्षा जड वाटते. ज्याच्या शब्दाखातर माणूस तापात घाट चढतो, त्याने तो शब्द किती तोलून टाकला पाहिजे!

या प्रसंगानंतर आम्ही पुष्कळ विचार केला, जाणत्या मंडळींना विचारले, आणि काही गोष्टी स्वतःपुरत्या ठरविल्या. दिंडी चालविणाऱ्यांनी, किंवा घरदार, सोसायटी, शाळा, तालीम काहीही चालविणाऱ्यांनी त्यांचा विचार करावा.

पहिली गोष्ट नेमाची. नेम कडक असावा, पण स्वतःसाठी. चालकाने पहिल्या कर्ण्याच्या आधी उठावे. अंघोळ, काकडा चुकवू नये. पंगतीत शेवटी बसावे. शेवटी बसणाऱ्याला दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे अन्न सगळ्यांना पुरले की नाही, आणि दुसरी म्हणजे भूक लागली असता माणसाची चिडचिड कशी होते. मात्र आपला नेम दुसऱ्याच्या मानेवर ठेवू नये. आजारी, म्हातारे, लेकुरवाळी यांच्या उपासाचा हिशेब पांडुरंग करील, आपण त्यांच्या औषधाचा करावा. स्वतःला सवलत आणि दुसऱ्याला शिस्त, असे जिथे दिसेल तिथे चालकपणा संपला असे समजावे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. भिशीचा पैसा कष्टाचा असतो. कोणी शेळी विकून भरतो, कोणी उचल घेऊन भरतो. तांदूळ किती, डिझेल किती, देणगी कोणाची आली, हे वहीत त्याच दिवशी उतरावे आणि मुक्कामाच्या दिवशी सर्वांसमक्ष वाचून दाखवावे. चालक प्रामाणिक असतोच असे धरून चालू, पण प्रामाणिकपणालाही उजेड लागतो. वही वाचायचा आळस केला की आधी कुजबूज होते, मग तट पडतात, आणि मग चाळीस वर्षांची दिंडी दुभंगते. अशा दुभंगलेल्या दिंड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत.

तिसरी गोष्ट धीराची. धीर हा सभेत भाषण करून येत नाही. तो रोजच्या लहान सहनशीलतेने साठतो. श्रीतुकाराममहाराजांच्या चरित्रात सन १६३० च्या सुमाराचा दुष्काळ येतो. व्यापार बुडाला, घरात पत्नी गेली, मूल गेले. अशा वेळी मनुष्य एकतर मोडतो किंवा कडू होतो. महाराज दोन्ही झाले नाहीत. सावकारीची खते निम्मी भावाच्या हवाली करून आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. ज्याचे सर्वस्व गेले त्याने दुसऱ्याचे देणे माफ करावे, याला धीर म्हणतात. आपल्यावरचा प्रसंग त्यामानाने किती? राहुटी उडाली, ट्रक चिखलात रुतला, आचारी रात्रीतून पळून गेला, एवढेच ना? पण चालक तेवढ्यात ओरडू लागला की दिंडीभर घबराट पसरते. पावसात राहुटी उडाली तर चालकाने आधी टाळ हातात घ्यावा, मग दोर. गजर चालू राहिला म्हणजे माणसे दोर धरायला आपण होऊन येतात.

चौथी गोष्ट विवेकाची. रागात, भुकेत आणि स्तुती ऐकल्यावर लगेच निर्णय देऊ नये. आम्ही असा रिवाज पाडला आहे की दोन माणसांचे भांडण आले तर दोघांचे ऐकून घ्यायचे आणि निवाडा हरिपाठ झाल्यावर सांगायचा. हरिपाठात दोघेही एकाच ओळीत उभे राहतात. निम्मी भांडणे तिथेच विरतात. उरलेल्यांचा निवाडा सोपा होतो. आणि निर्णय चुकला असे कळले तर तो चारचौघांत दिला होता तसा चारचौघांतच मागे घ्यावा. चालकाची किंमत त्याने कमी होत नाही. घाटात आम्ही थांबलो असतो तर आमची किंमत वाढलीच असती.

पाचवी गोष्ट, रोज रात्री निजण्यापूर्वी सगळ्या राहुट्यांतून एक फेरी मारावी, आणि तीही वीणा गळ्यात न घेता. वीणा गळ्यात असली की माणसे पाया पडतात, खरे सांगत नाहीत. कोणाचे पाय फोडांनी भरले, कोणाचे औषध संपले, कोणाला घरची आठवण येऊन रडू फुटले, हे त्या फेरीत कळते. जो बोलत नाही त्याच्यापाशी दोन क्षण अधिक बसावे.

सहावी गोष्ट सर्वांत अवघड. वीणा दुसऱ्याच्या हाती देता आली पाहिजे. सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. पहाऱ्या-पहाऱ्याने ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणारा-घेणारा दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. वीणा अखंड राहते, वीणेकरी बदलतो. ज्याने आपल्यामागे दोन तरुण तयार केले नाहीत, त्याने दिंडी चालविली नाही, अडवून ठेवली.

या सर्व गोष्टींची कसोटी अलीकडेच लागली. सन २०२० साली साथीमुळे पायी वारी होऊ शकली नाही. संतांच्या पादुका मोजक्या लोकांसह एसटीने पंढरपूरला नेण्यात आल्या. सन २०२१ सालीही वाहनानेच न्याव्या लागल्या. पिढ्यानपिढ्यांची वारी, आणि दिंडीप्रमुखांनी आपल्या माणसांना सांगायचे की घरी बसा! आमच्याकडेही तरुण मंडळी आली. म्हणाली, "बुवा, चौघेजण तरी गुपचूप निघू. पोलीस अडवतील तिथं रात्री रानातनं जाऊ." त्यांची तळमळ खोटी नव्हती. आमचेही पाय शिवशिवत होतेच. पण दिवे घाटातला तो लवंडलेला हंडा डोळ्यांपुढे आला. आम्ही म्हणालो, "आपल्यामुळं वाटेवरच्या एका गावात जरी आजार गेला, तर ती वारी पांडुरंगाला पोचायची नाही." त्या वर्षी घराघरात ठरल्या वेळी काकडा झाला, वाराचे अभंग झाले, हरिपाठ झाला. अंगणात तुळशीभोवती फेऱ्या घातल्या. सन २०२२ मध्ये पुन्हा वाट मोकळी झाली तेव्हा दिंडीत जुनी माणसे काही कमी झाली होती, परंतु ओळ तशीच लागली. चालणे थांबले होते, नेम थांबला नव्हता. म्हणून चालणे पुन्हा सुरू झाले.

गोल रिंगणात दोन अश्व धावतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्यावर कोणीच दिसत नाही. पण माथा टेकायला, टापांखालची माती कपाळी लावायला माणसे धावतात ती त्या स्वार नसलेल्या अश्वासाठी, कारण त्यावर माउली आहेत ही आपली भावना. दिंडी खरी कोण चालवितो, हे चालकाने त्या रिंगणात दरसाल पाहून घ्यावे. तेवढे ध्यानात राहिले तर मान चढत नाही, आणि संकटात खांदाही पडत नाही.

असो. यंदा बैठकीला बसाल तेव्हा भिशी, ट्रक, राहुट्या सगळे ठरवा. मग बैठक उठण्यापूर्वी चालकाने क्षणभर हात वर करून सगळ्यांना गप्प करावे आणि विचारावे, "मंडळी, कोणाचा टाळ वाजतोय का?" पहिल्या वर्षी कोणी बोलणार नाही. दुसऱ्या वर्षीही कदाचित नाही. तरी विचारीत राहावे. आमच्या दिंडीत तिसऱ्या वर्षी एक सून उभी राहिली आणि म्हणाली, "बायकांच्या राहुटीला पाणी शेवटी येतं, ते आधी यावं." आता ते आधी येते.

रामकृष्णहरी.